स्लीव्ह होऊन सहा आठवडे झाले, आता जेवायचं कसं ते कोणी सांगाल का?

कवडसा

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज धीर करून लिहितेय. माझी स्लीव्हची, म्हणजे वजन उतरवायला जठर लहान करतात ती, सर्जरी होऊन परवा सहा आठवडे झाले. सर्जरी छान झाली, चालायला त्याच दिवशी लावलं, जखमा भरल्या, तक्रार काही नाही. आधी नुसतं पाण्यासारखं पातळ, मग दाट पातळ, मग घोटलेलं, असं करत करत आता मऊ जेवणावर आलेय. पण ऑपरेशनची जेवढी तयारी मी केली होती ना, त्याच्या पाव हिश्श्यानेसुद्धा ह्या नंतरच्या दिवसांची केली नव्हती.

काल सकाळचंच सांगते. एक अंडं उकडलं, बशीत काट्याने बारीक कुस्करलं आणि लहान बाळाच्या चमच्याने खायला बसले. चौथ्या की पाचव्या चमच्याला छातीच्या मधोमध काहीतरी अडकलं, म्हणजे दुखत नव्हतं पण पुढे सरकतही नव्हतं, मग तोंडात लाळ सुटायला लागली ती थांबेचना, शेवटी बेसिनपाशी जाऊन उभी राहिले तर नुसता पांढरा चिकट फेस. उलटी म्हणावी तर तीही नाही. परत येऊन बघते तर निम्मं अंडं तसंच बशीत आणि वीस मिनिटं गेलेली. मला इतकं रडू आलं. दिवसाला ६० ग्रॅम प्रोटीन घ्या असं कागदावर लिहून दिलंय, एका अंड्यात जेमतेम ६ ग्रॅम असतं, मग हिशोब जुळायचा कसा?

दुसरं म्हणजे तिसऱ्या आठवड्यात वजनाचा काटा जो अडकला तो ११ दिवस हललाच नाही. एवढंसं खाऊन वजन उतरत नाही म्हणजे माझ्यातच काहीतरी बिघाड आहे असं वाटायला लागलं. घरचे प्रेमानेच म्हणतात "अगं दोन घास जास्त घे, तोंड बघ कसं उतरलंय", त्याचाही त्रास होतो.

हे असंच राहणार का कायम? ज्यांना वर्ष दोन वर्षं झालीत त्यांनी प्लीज लिहा.

मधली_सुट्टी

कवडसा, आधी एक, बिघाड काही नाही. माझा बायपास (हृदयाचा नाही, वजनासाठी जठर-आतड्याचा करतात तो) होऊन तीन वर्षं झाली आणि तुम्ही लिहिलंय त्यातली प्रत्येक गोष्ट माझ्या वाट्याला आलीये, त्या फेसासकट. जरा सविस्तर लिहितो.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरते ती एक अरुंद नळी. त्या नळीला पूर्ण लांबीभर पिनांची ओळ असते आणि सुरुवातीचे काही आठवडे तिला आतून सूज असते. म्हणजे तुम्ही आत्ता ज्या जागेतून खाताय ती तुमची कायमची जागा नाहीये, सूज उतरली की थोडी मोकळीक येते. घास मोठा असला, नीट चावला नसला किंवा कोरडा असला की तो वरच थांबतो आणि त्याला खाली सरकवायला शरीर लाळ आणि चिकट स्राव सोडत राहतं, तोच तो फेस. अशा वेळी वरून पाणी पिऊन ढकलायला जाऊ नका, दुखणं वाढतं. उभं राहायचं, हळूहळू येरझाऱ्या घालायच्या, आणि त्या वेळचं जेवण तिथंच संपलं असं समजायचं. आणि उकडलेल्या अंड्याचा पिवळा भाग कोरडा असतो, तो हमखास अडकतो. अंडं जरा पातळसर, मऊ, थोडं दही किंवा सूप घालून करून बघा, फरक पडेल.

चमचा छोटा घेतलात ते उत्तमच. पण घास तोंडात असताना चमचा खाली ठेवायचा, ही सवय मला लागायला चार महिने लागले. चमचा हातात राहिला की आपण नकळत पुढचा घास भरतो आणि तोंडातला अर्धवट गिळतो.

पोट भरल्याची खूणसुद्धा आता वेगळी असणार. पूर्वी पोट गच्च झालं की कळायचं. आता काहींना नाकातून पाणी येतं, काहींना एक उचकी लागते, काहींना सटकन शिंक येते. माझी उचकी. उचकी आली की ताटात कितीही चांगलं असो, थांबायचं. त्या खुणेनंतरचा एक घास मला दोन तास महागात पडायचा. तुमची खूण कोणती ते शोधा, पंधरा दिवस लक्ष ठेवलंत की सापडेल.

काटा अडकतो तो बहुतेक सगळ्यांचा. सुरुवातीला शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन वापरतं आणि एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी साठवलेलं असतं, ते सगळं निघून जातं म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत वजन धडाधड उतरतं. मग शरीर थोडं पाणी परत धरून ठेवतं, आतून चरबी वितळत असतेच पण काट्यावर दिसत नाही. आठवड्यातून एकदाच वजन करा, एकाच वारी, सकाळी. आणि कंबरेचं माप घ्या, माझा काटा थांबलेला तेव्हा पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं होतं.

लिंबोणी

मधली_सुट्टी यांना पूर्ण अनुमोदन. माझी खूण शिंक :) कवडसा ताई, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागतील, आत्ताच सांगून ठेवते म्हणजे घाबरणार नाहीस. माझे न्हाणीघरात पुंजके निघायचे. शरीराला एवढा मोठा धक्का बसला की बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात, मुळं जिवंत असतात. माझे नवव्या महिन्यापासून परत आले, कपाळावर ते छोटे छोटे उभे केस दिसले तेव्हा जो आनंद झाला! मात्र वर्षभरानंतरही गळत राहिले तर लोह, झिंक, प्रोटीन तपासून घ्यायचं, ते मग नुसतं धक्क्याचं नसतं.

पायवाट

माझं काम आहारतज्ज्ञाचं आहे आणि सर्जरी झालेल्या लोकांबरोबरच मी रोज बसते, म्हणून थोडं लिहिते. तुमच्या टीमने दिलेला कागद पहिला, मी लिहितेय ते त्यानंतर.

६० ग्रॅम हे किमान धरतात आणि ते पहिल्या दोन महिन्यांत फक्त खाण्यातून जमणं जवळपास अशक्य आहे, त्यामुळे स्वतःला दोष देणं थांबवा. म्हणूनच प्रोटीन पावडर असते. दोन जेवणांच्या मध्ये घोट घोट घ्यायची, पाण्यात, दुधात, सूपमध्ये, जशी पचेल तशी. दुधाने गुडगुड, जुलाब होत असतील तर लॅक्टोज पचत नसेल, दुसरी पावडर बघा. ताटात आधी प्रोटीन संपवायचं, म्हणजे अंडं, मासा, चिकन, पनीर, घट्ट दही, डाळ, मग भाजी, आणि जागा उरलीच तर भात किंवा ब्रेड. ब्रेड आणि भात आत जाऊन फुगतात आणि गोळा होतात, त्यामुळे ते शेवटी आणि उशिरा.

पाणी जेवताना नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. बाकी वेळ सतत, एक घोट दर थोड्या मिनिटांनी, दिवसाला किमान दीड लिटर. सुरुवातीच्या काळात लोक परत ॲडमिट होतात त्याचं एक मोठं कारण नुसतं पाणी कमी पडणं हे असतं. लघवी गडद झाली, उभं राहताना चक्कर आली की समजायचं.

आणि आता गोळ्या, हे मात्र नीट वाचा. रोजची मल्टीव्हिटॅमिन, बी१२, डी, कॅल्शियम, लोह. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागतं पण शरीर एका वेळी ५००-६०० च्या वर नीट घेत नाही, म्हणून दोन-तीन वेळा विभागून, आणि शक्यतो सायट्रेट, कारण त्याला जठरातलं आम्ल लागत नाही आणि आता तुमच्याकडे ते कमी आहे. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर कॅल्शियम लोहाला आत जाऊ देत नाही, मध्ये किमान दोन तास. थायरॉइडची गोळी असेल तर तिच्यापासून दोन्ही चार तास लांब. पाळी येणाऱ्या बायकांना लोह जास्त लागतं, ४५ ते ६० मिलिग्रॅमच्या आसपास.

एक गोष्ट मी प्रत्येकाला हात धरून सांगते. उलट्या सतत होत असतील, काहीच टिकत नसेल, तर घरी वाट बघत बसायचं नाही. बी१ म्हणजे थायमिनचा शरीरात साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. तो संपला की डोळ्यांपुढे दोन दोन दिसतं, चालताना तोल जातो, माणूस गोंधळल्यासारखा बोलायला लागतो, आणि उशीर झाला तर मेंदूला कायमची इजा होते. अशा वेळी ग्लुकोजचं सलाइन लावायच्या आधी थायमिन द्यावं लागतं, आणि इमर्जन्सीमध्ये समोरच्याला सर्जरी झालीये हे माहीतच नसतं, म्हणून ते तुम्ही किंवा घरच्यांनी तोंडाने सांगायचं. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा, कोणती सर्जरी, कधी झाली.

आभाळवेडी

माझं मत जरा वेगळं आहे. मी पावडर महिनाभर घेतली आणि बंद केली, वासानेच मळमळायचं. साध्या जेवणावर आहे, दीड वर्ष झालं, तब्येत चांगली आहे. सगळं डब्यातलं आणि गोळ्यांतलंच खायचं तर सर्जरी करून काय मिळवलं असं वाटतं.

मधली_सुट्टी

आभाळवेडी, पावडर बंद केली त्याला माझी हरकत नाही, दीड वर्षानंतर खाण्यातून ६० ग्रॅम होऊ शकतं, मीही आता पावडर घेत नाही. पण गोळ्यांचं तसं नाही हो. खाणंच एवढंसं झालंय, त्यात बायपासमध्ये तर लोह आणि कॅल्शियम जिथे मुख्यतः शोषलं जातं तो आतड्याचा सुरुवातीचा भागच वळसा घालून टाळलेला असतो. कितीही चांगलं जेवलो तरी तिथून अन्न जातच नाही. शेवटची रक्ततपासणी कधी केलीत?

आभाळवेडी

सहाव्या महिन्यात केली होती. तेव्हा सगळं नॉर्मल होतं.

शांत_नदी

मी सहसा नुसती वाचते, पण आभाळवेडीचा हा शेवटचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही.

माझंही सहाव्या महिन्यात नॉर्मल होतं. वर्षाला पण नॉर्मल. ४१ किलो उतरले होते, जिने चढत होते, बीपीची गोळी सुटली होती, साखर नॉर्मलला आली होती. आणि मला वाटलं आता मी बरी झाले, मग ह्या गोळ्या कशाला. कुठल्या एका दिवशी ठरवून बंद नाही केल्या, आधी रविवारी राहिल्या, मग प्रवासात राहिल्या, मग संपल्या त्या आणल्याच नाहीत. दुसऱ्या वर्षाची तपासणी कामाच्या गडबडीत राहून गेली आणि मला कोणाचा फोनही आला नाही.

तिसऱ्या वर्षी पायांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. चप्पल घट्ट असेल म्हटलं. मग तळपायाखाली सारखं पातळ कापड अडकल्यासारखं वाटायचं, मी खरोखर खाली वाकून मोजे काढून बघायचे, काही नसायचं. अंधारात न्हाणीघरात जाताना भिंत धरावी लागायची. एक दिवस चहाचा कप हातातून सुटला आणि तो सुटला हे मला फुटल्याच्या आवाजावरून कळलं, बोटांवरून नाही. त्या दिवशी मी घाबरले.

बी१२ अगदी तळाला गेलं होतं. यकृतात त्याचा साठा बराच असतो, काही वर्षं तो पुरतो, म्हणून सुरुवातीचे रिपोर्ट चांगले येतात, आपल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय. शोषण मात्र पहिल्या दिवसापासून कमी झालेलं असतं. त्यात मी सर्जरीआधी कितीतरी वर्षं मेटफॉर्मिन घेत होते, त्यानेही बी१२ उतरतं. आणि फॉलिक ॲसिड तेवढं चालू होतं, त्यामुळे हिमोग्लोबिन फारसं पडलं नव्हतं, बाहेरून काही दिसलंच नाही.

इंजेक्शनं सुरू झाली, आधी लागोपाठ, आता महिन्याला एक. हात बरे झाले. डाव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत, दोन वर्षं होतील आता, डॉक्टर म्हणाले तेवढं राहील बहुधा. मी रोज आंघोळ झाल्यावर ती दोन बोटं हाताने पुसते आणि बघते, कुठे काही लागलंय का, कारण लागलं तरी कळणार नाही.

आभाळवेडी, उद्याच जाऊन रक्त दे. बी१२, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), डी, पॅराथायरॉइड हार्मोन, कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन), सगळं. मला त्या वर्षी कोणीतरी असं ओरडून सांगायला हवं होतं.

आभाळवेडी

शांत_नदी, वाचून हात थंड पडले. उद्या सकाळी उपाशी पोटी जातेच.

दूरचा_दिवा

खूप चांगला धागा. माझा बायपास, साडेचार वर्षं. पुढच्या टप्प्याबद्दल थोडं लिहितो, कारण पहिल्या वर्षाबद्दल सगळे बोलतात, दुसऱ्यानंतर कोणी बोलत नाही.

गोड खाल्ल्यावर डम्पिंग होतं हे ऐकलं असेलच, जेवणानंतर दहा-तीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब, आडवं पडावंसं वाटतं. ते मला पहिल्या वर्षी झालं आणि धडा मिळाला. पण एक उशिराचं असतं ते माहीत नव्हतं. जेवून एक ते तीन तासांनी. गोड किंवा पिठूळ पटकन आतड्यात उतरतं, साखर झपकन वर जाते, शरीर इन्सुलिन जास्त सोडतं आणि मग साखर एकदम खाली. मी गाडी चालवत असताना हात थरथरायला लागले, समोरचा सिग्नल दिसतोय पण त्याचा अर्थ लागेना. बाजूला घेऊ शकलो हे नशीब. तेव्हापासून नुसतं फळसुद्धा खात नाही, बरोबर दही किंवा दाणे असतात, आणि ग्लुकोमीटर गाडीत.

दुसरं, दारू. अवघड विषय आहे पण लिहितो. सर्जरीनंतर ती फार लवकर आणि फार जास्त चढते कारण पोटात थांबतच नाही. आणि माझं असं झालं की आधी ज्या वेळी मी खायचो, कंटाळा आला, ताण आला, एकटं वाटलं, ती वेळ तशीच राहिली, खाता येईना, मग ग्लास आला. दुसऱ्या वर्षी. बायपासनंतर दुसऱ्या वर्षापासून हा धोका वाढतो हे अभ्यासांत दिसलंय, मला मात्र ते समुपदेशकाकडे गेल्यावर कळलं. अडीच वर्षं झाली, घेत नाही. कोणाला ह्याबद्दल बोलायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नि:संकोच.

कवडसा

किती लिहिलंत सगळ्यांनी, दोनदा वाचलं. दूरचा_दिवा, तुमची ती "वेळ तशीच राहते" ही गोष्ट मला आत्ताच जाणवायला लागलीये. संध्याकाळी सहा वाजता ऑफिसमधून आले की पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळतात. पोटात भूक अजिबात नसते, म्हणजे मी मुद्दाम पोटावर हात ठेवून बघितलं, काहीच नाही, पण डब्याचं झाकण उघडून हुंगावंसं वाटतं.

पायवाट

कवडसा, हे तुमच्या लक्षात सहाव्या आठवड्यात आलं ही मोठी गोष्ट आहे. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या वरच्या भागात तयार होतं तोच स्लीव्हमध्ये काढतात, म्हणून पोटाची भूक सध्या शांत आहे. पुढे ती काही प्रमाणात परत येते. ह्या शांत काळात सहा वाजताच्या त्या वेळेला दुसरं काहीतरी लावून द्या. माझ्या एक पेशंट घरी येतानाच बूट न काढता परत पंधरा मिनिटं चालून येतात, मगच आत.

घरटं

मी पेशंट नाही, माझ्या नवऱ्याची सर्जरी पुढच्या महिन्यात आहे. जेवणाच्या टेबलावर आम्ही काय करायचं? त्यांच्यासमोर आम्ही जेवायचं की नाही? मुलं लहान आहेत.

मधली_सुट्टी

घरटं, तुम्ही हे आधी विचारताय ह्याचंच मला बरं वाटलं. एकत्र जेवा, नेहमीसारखं. मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो माझं ताट वेगळं, माझी वेळ वेगळी, मुलांनी माझ्यापासून खाऊ लपवणं ह्याचा. त्यांच्यासमोर लहान ताटली ठेवा, त्यात उरलं तर का उरलं विचारू नका, आणि "आज किती उतरलं" हे रोज विचारू नका. आणि एक काम खरंच तुमचं, बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या. सर्जरीनंतर त्या पटापट कमी कराव्या लागतात. माझा डोस कमी करायचं राहून गेलं होतं आणि मी दहाव्या दिवशी पलंगावरून उठता उठता खाली पडलो. घरी बीपी मोजून वहीत लिहा आणि फोन करून विचारा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. अंगदुखीची गोळीही विचारल्याशिवाय नाही, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी अल्सर होतो, बायपासमध्ये तर जठर-आतड्याच्या जोडावरच.

लिंबोणी

आणि मूल हवं असणाऱ्यांसाठी, वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस पटकन राहू शकतात, पण १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका, नीट शोषल्या जातीलच असं नाही, दुसरा उपाय विचारून घ्या. माझ्या मैत्रिणीला सर्जरीनंतर पाचव्याच महिन्यात दिवस राहिले, बाळ छान आहे पण तिचं लोह आणि डी सावरताना सगळ्यांची दमछाक झाली.

आभाळवेडी

रिपोर्ट आले. फेरिटिन ७, डी १४, दोन्ही बरंच कमी, बी१२ सीमारेषेवर. हिमोग्लोबिन अजून ठीक आहे. डॉक्टरांनी सगळं परत सुरू केलंय, बी१२ चं इंजेक्शन पण. शांत_नदी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. आधी लिहिलेलं माझं मत मी मागे घेते, कोणी ते वाचून गोळ्या बंद करू नका.

शांत_नदी

आभार नकोत गं. तीन महिन्यांनी परत तपास आणि इथे लिही.

कवडसा (चार महिन्यांनी)

धागा वर काढतेय. उद्या साडेपाच महिने पूर्ण होतील. २७ किलो उतरले. काटा मध्ये अजून दोनदा अडकला, दोन्ही वेळेला मी घाबरले नाही, म्हणजे दुसऱ्या वेळेला तरी नाही.

माझी खूण सापडली, नाकातून पाणी. ऑफिसमध्ये जेवताना रुमाल जवळ ठेवते, सहकारी विचारतात सर्दी झाली का. फेस गेल्या दोन महिन्यांत एकदाच आला, मीटिंगच्या घाईत चिकनचा कोरडा तुकडा गिळला होता. प्रोटीन ६५ च्या आसपास जातं, त्यातलं २० अजून पावडरचं. संध्याकाळी सहाला बूट न काढता चालायला जाते, आता शेजारची मुलगी पण येते बरोबर.

केस गळतायत, खूप. लिंबोणी, तू आधी सांगितलंस म्हणून निभावलं. तिसऱ्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये फेरिटिन कमी निघालं, तेव्हा लक्षात आलं की मी लोह आणि कॅल्शियम सकाळी एकत्रच गिळत होते, पायवाट ताईंनी एवढं स्पष्ट लिहूनसुद्धा. आता सकाळी लोह, दुपारी आणि रात्री कॅल्शियम, फोनला तीन गजर लावलेत. आईने गजराच्या आवाजांवरून गोळ्या ओळखायला सुरुवात केलीये, "दुपारची झाली का गं" म्हणून आतून ओरडते. दोन घास जास्त घे आता म्हणत नाही.

अंडं अख्खं जातं. वेळ अजून वीस मिनिटंच लागतो. पुढच्या आठवड्यात रक्त द्यायचंय.

शांत_नदी

बी१२ चा आकडा पण टाक. नुसतं नॉर्मल आलं असं लिहू नकोस, आकडा लिही.